'सोनेरी कोंबडा': रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ऑपेराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी महिन्यातून एकदा पाच-सात जण जमतात, भिंतीवर प्रोजेक्टर मारून एखादा ऑपेरा बघतात आणि मग चहा गार होईपर्यंत वाद घालतात. रिम्स्की-कोर्साकोव्हचा 'सोनेरी कोंबडा' आतापर्यंत तीनदा लावला. दर वेळी माणसं नवी, प्रश्न मात्र जवळजवळ तेच. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवतोय. शेवट आधी कळलेला चालत नसेल, तर गोष्टीचा प्रश्न आणि ज्योतिष्याच्या शेवटच्या वाक्याचा प्रश्न तेवढा गाळा.

हा नेमका कोणता ऑपेरा? कोणी लिहिला?

रशियन नाव 'झोलोतोय पेतुशोक'. पेतुशोक म्हणजे लाडाने म्हटलेला कोंबडा, आपल्याकडे 'कोंबडोबा' म्हणावं तसं. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा 'ल कॉक द'ओर' या फ्रेंच नावाने ओळखला जातो. संगीत निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचं, संहिता व्लादिमीर बेल्स्की यांची, मूळ गोष्ट अलेक्झांडर पुश्किनच्या १८३४ सालच्या पद्यकथेतली. संगीताचं काम १९०६ च्या शरदात सुरू झालं आणि १९०७ मध्ये पुरं झालं. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या पंधरा ऑपेरांपैकी हा शेवटचा, आणि त्यांनी तो रंगमंचावर कधीच पाहिला नाही.

ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना?

चुलतभाऊ म्हणा. संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि मोक्याच्या जागी पद येतं. इथे 'घोडा गरीब आहे ना?' हेसुद्धा गाऊनच विचारतात. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ऑर्गन आणि तबला गायकाच्या मागे असतात. इथे वाद्यवृंद स्वतःच गोष्ट सांगतो, कधी कधी पात्राच्या तोंडावर त्याला खोटं पाडतो. राजा शौर्याच्या बाता मारत असताना खालून बासून हे खर्जातलं फुंकवाद्य कुचेष्टेने घोगरं वाजत असेल, तर कोणावर विश्वास ठेवायचा हे आपल्याला कळतं.

गोष्ट काय आहे?

पडदा उघडण्याआधी एक ज्योतिषी पुढे येतो आणि प्रेक्षकांना सांगतो की मी तुम्हाला एक जुनी कथा जिवंत करून दाखवतो. कथा खोटी असली तरी तिच्यातून शिकण्यासारखं आहे. एवढं बोलून तो नाहीसा होतो.

राजा दोदोन तरुणपणी शेजाऱ्यांना छळून मोकळा झालेला. आता म्हातारपणी त्याला शांतपणे लोळायचंय, पण ते शेजारी सूड घ्यायला येत राहतात. दरबार भरतो. थोरला राजपुत्र ग्विदोन सुचवतो की सीमेवरचं सैन्य उठवून राजधानीभोवती उभं करा, शहरात खाण्यापिण्याचा साठा करा आणि मग आरामात विचार करू. दरबारी खूश. धाकटा अफ्रोन म्हणतो, सैन्य घरी पाठवून द्या आणि शत्रू येण्याच्या महिनाभर आधी परत बोलवा. दरबारी आणखी खूश. म्हातारा सेनापती पोल्कान एकटाच विचारतो, शत्रूने महिनाभर आधी कळवलंच नाही तर? त्यावर सगळे त्याच्या अंगावर जातात. मग पुढचं कसं ओळखायचं यावर वाद लागतो: घेवड्याचे दाणे टाकून, की क्वासचा गाळ बघून? क्वास हे आंबवलेल्या पावाचं पेय. या दोन शास्त्रांचे समर्थक जवळजवळ हातघाईवर येतात. जाता जाता सांगतो, पोल्कान हे रशियात कुत्र्याचं ठेवणीतलं नाव आहे, आपल्या मोत्यासारखं.

इतक्यात ज्योतिषी थैली घेऊन येतो. थैलीत सोनेरी कोंबडा. उंच सुळक्यावर बसवा, संकट दिसलं की त्या दिशेला तोंड करून आरवेल. राजा हरखून म्हणतो, माग काय हवं ते, तुझी पहिली इच्छा माझीच समजून पुरी करीन. ज्योतिषी म्हणतो, आत्ता काही नको, पण हे वचन कायद्याप्रमाणे लिहून द्या. यावर राजाचं उत्तर बघा: कायद्याप्रमाणे? हा कसला शब्द? आजवर ऐकला नाही. माझी लहर आणि माझा हुकूम, हाच दर वेळचा कायदा!

मग उन्हात पलंग आणला जातो, अमेल्फा नावाची घरकारभारीण गोडधोड भरवते, राजा झोपतो. कोंबडा ओरडतो, राजपुत्रांना लढाईवर पाठवलं जातं, राजा पुन्हा झोपतो. कोंबडा परत ओरडतो आणि आता मात्र राजालाच निघावं लागतं. चिलखत गंजलेलं, ढाल गंजलेली, पोटावर पट्टा बसत नाही. घोडा गरीब आहे ना, असं विचारतो. गायीसारखा आहे, असं उत्तर मिळाल्यावरच स्वार होतो. आमच्याकडे पहिल्यांदा हशा पिकतो तो बहुधा इथे.

दुसऱ्या अंकात दरी, रात्र, पडलेले सैनिक. दोन्ही राजपुत्र मरून पडलेत, एकमेकांच्या छातीत तलवारी खुपसून. पहाटेच्या धुक्यातून एक तंबू दिसू लागतो. शत्रूचाच असणार म्हणून सैनिक तोफ वळवतात, तेवढ्यात तंबूचं दार हलतं आणि सैनिक पळतात. आतून येते शेमाखाची राणी. अंकाच्या अखेरीस राजाने गाणं म्हटलंय, नाच केलाय, पोल्कानचं मुंडकं उडवायचं कबूल केलंय आणि लग्न ठरवलंय. मेलेली पोरं तो कधीच विसरलाय.

तिसऱ्या अंकात राजधानीत वरात येते. ज्योतिषी गर्दीतून पुढे होतो आणि वचन मागतो: मला राणी द्या. राजा खजिना देऊ करतो, सरदारकी देऊ करतो, अर्धं राज्य देऊ करतो. तो ऐकत नाही. राजा राजदंड त्याच्या कपाळावर हाणतो आणि ज्योतिषी जागच्या जागी मरतो. राणी हसते. कोंबडा उडतो, राजाच्या टाळूवर एकच चोच मारतो. अंधार. उजेड होतो तेव्हा राजा मेलेला आहे, राणी आणि कोंबडा दोघंही गायब. प्रजा रडते: राजाशिवाय आता आमचं कसं होणार?

आणि मग तो मेलेला ज्योतिषी पडद्यापुढे येतो. त्याबद्दल पुढे.

पुश्किनने ही रशियन लोककथा कुठून घेतली?

गंमत म्हणजे ती रशियन लोककथा नाहीच. पुश्किनच्या बाकीच्या परीकथांवर संशोधन झालं तरी या एका कथेचा उगम बराच काळ सापडत नव्हता. १९३३ मध्ये कवयित्री आन्ना अखमातोवा यांनी तो दाखवून दिला. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंग यांनी स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्याभोवतीच्या कथा १८३२ मध्ये छापल्या होत्या. त्यांत अरबी ज्योतिष्याची एक दंतकथा आहे: म्हातारा राजा, इशारा देणारा धातूचा घोडेस्वार, सापडलेली राजकन्या आणि तिच्यावर हक्क सांगणारा ज्योतिषी. या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर पुश्किनच्या संग्रहात होतं.

म्हणजे मूरांच्या स्पेनमधली कथा एका अमेरिकनाने लिहिली, फ्रेंचमधून एका रशियन कवीने वाचली, आणि तिला घेवड्याचे दाणे नि कोंबडा चिकटवून तिचं इतकं रशियन रूप केलं की शंभर वर्षं कोणाला पत्ता लागला नाही. लोककथा 'आपली' असते म्हणजे काय असते, हा प्रश्न मला इथे नेहमी पडतो.

अखमातोवांचा आणखी एक मुद्दा आहे. ही कथा लिहिताना पुश्किन स्वतः झार निकोलस पहिल्याच्या दरबारात अडकलेला होता. वयाला न शोभणारी दरबारी पदवी त्याच्या गळ्यात मारलेली होती आणि १८३४ मध्ये राजीनामा द्यायचा प्रयत्नही फसला होता. वचन देऊन न पाळणारा राजा त्याने पुस्तकातून घेतला असेल, पण त्याला चेहरा शोधायला लांब जावं लागलं नसणार.

यात खरंच राजकारण आहे, की आपण उगाच शोधतो?

आहे, आणि भरपूर आहे. तारखा बघा. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झालं. मे १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत रशियन आरमार बुडालं. रिम्स्की-कोर्साकोव्ह तरुणपणी आरमारात अधिकारी होते, पुढे आरमाराच्या बँडचे निरीक्षक होते. त्यांना ही बातमी वर्तमानपत्रातल्या चार ओळींसारखी वाचता आली नसेल. त्याआधी जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये अर्ज घेऊन निघालेल्या कामगारांवर गोळीबार झाला होता. विद्यार्थी संपावर गेले. कॉन्झर्व्हेटरी म्हणजे तिथलं संगीत महाविद्यालय, त्यातल्या विद्यार्थ्यांची बाजू रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी उघडपणे घेतली आणि त्यांना नोकरीवरून काढण्यात आलं. तेव्हा ते एकसष्टीचे होते आणि तिथे १८७१ पासून शिकवत होते. निषेध म्हणून तिथे शिकवणारे संगीतकार ग्लाझुनोव्ह आणि ल्यादोव्ह यांनीही राजीनामे दिले. त्याच वसंतात विद्यार्थ्यांनी त्यांचा 'अमर काश्चेय' हा छोटा ऑपेरा केला, तोही परीकथेवरचाच. प्रयोगानंतर भाषणं झाली, पोलिस आले, आणि काही काळ त्यांच्या संगीतावरच बंदी आली. वर्षअखेरीस ग्लाझुनोव्ह संचालक झाले आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह परतले.

यानंतर पुढच्याच शरदात ते दोदोन हातात घेतात. सीमेवरचं सैन्य कुठे उभं करावं हे न कळणारा, सेनापतीचं न ऐकणारा, पूर्वेकडे मोहिमेवर जाऊन पोरं गमावणारा आणि कायदा हा शब्दच न ऐकलेला राजा. पीटर्सबर्गच्या प्रेक्षकाला तळटीप लागली नसती.

मग सेन्सॉरने अडवलं नाही?

अडवलं. दोनदा अडवलं, सत्तर वर्षांच्या अंतराने, आणि जवळपास त्याच ओळींसाठी.

पहिल्यांदा १८३५ मध्ये. पुश्किनची कथा मासिकात छापताना सेन्सॉरने दोन जागा कापल्या. एक म्हणजे कोंबड्याची ओळ: 'त्सार्स्त्वुय, ल्योझा ना बकू', म्हणजे 'कुशीवर लोळत खुशाल राज्य कर'. दुसरी शेवटची ओळ: कथा खोटी, पण तिच्यात सूचना आहे, भल्या तरुणांना धडा आहे. पुश्किनने रोजनिशीत यावर चडफडाट केलाय. विचार करा, 'यात धडा आहे' एवढं म्हणणंसुद्धा धोक्याचं वाटलं. सेन्सॉरला कथा नेमकी कळली होती.

दुसऱ्यांदा ऑपेराच्या वेळी. मॉस्कोत प्रयोगाची तयारी सुरू होताच अधिकाऱ्यांनी बदल मागितले. रिम्स्की-कोर्साकोव्ह बदलायला तयार नव्हते. ही ओढाताण चालू असतानाच २१ जून १९०८ रोजी ल्युबेन्स्क इथल्या त्यांच्या वाडीवर हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. सेन्सॉरने त्यांचा जीव घेतला असं काही जण रंगवून सांगतात, पण दुखणं आधीपासूनचं होतं. शेवटच्या महिन्यांचा मनस्ताप मात्र खरा. पहिला प्रयोग ७ ऑक्टोबर १९०९ ला मॉस्कोच्या सोलोदोव्निकोव्ह थिएटरमध्ये झिमिन यांच्या खाजगी कंपनीने केला, तोही शब्दांची काटछाट सोसून. (रशियाच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगात ही तारीख २४ सप्टेंबर अशी दिसेल. दोन्ही बरोबर आहेत.) महिनाभरात मॉस्कोच्याच बोल्शोय या सरकारी थिएटरनेही तो रंगमंचावर आणला.

पहिल्या प्रयोगाचं नेपथ्य इवान बिलीबिन यांचं होतं. परीकथांच्या पुस्तकांतली जाड काळ्या रेघांची ती नक्षीदार चित्रं तुम्ही पाहिली असतील, तेच हे. याच बिलीबिननी १९०६ च्या सुरुवातीला एका नियतकालिकात राजचिन्हांच्या थाटाच्या चौकटीत चक्क एक गाढव काढलं होतं आणि त्यासाठी त्यांना अटकही झाली होती. नेपथ्यकाराची निवड अगदी चोख.

मराठी वाचकाला इथे 'कीचकवध' आठवल्याशिवाय राहत नाही. खाडिलकरांचं ते नाटक १९०७ चं, म्हणजे हा ऑपेरा पुरा झाला त्याच वर्षीचं. महाभारतातल्या कीचकाच्या आडून कर्झनशाहीवर बाण, आणि १९१० मध्ये सरकारची बंदी. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण जुन्या कथेची ढाल दोघांनीही पुढे केली आणि दोन्ही साम्राज्यांनी ती ओळखली.

रिम्स्की-कोर्साकोव्ह म्हणजे ते 'भुंग्याचं उड्डाण'वाले?

तेच. ती दीड मिनिटाची चीज १९०० च्या 'झार साल्तान' ऑपेरातली, तीही पुश्किनच्या परीकथेवरचीच. 'शेहेराजाद'ही त्यांचंच. आणि आपल्या कामाचं म्हणजे 'साद्को' ऑपेरात एक हिंदुस्थानी व्यापारी येऊन आपल्या देशातल्या हिऱ्यामोत्यांचं गाणं गातो. भारताशी त्याचा संबंध तेवढाच, पण गाणं सुंदर आहे.

शेमाखा ही खरी जागा आहे का?

आहे. आजच्या अझरबैजानमधलं शमाखी, जुन्या शिरवानची राजधानी. तिथलं रेशीम आणि तिथल्या नर्तकी प्रसिद्ध होत्या. पुश्किनच्या काळात तो प्रदेश नुकताच रशियाच्या ताब्यात आलेला होता. राणी मात्र संपूर्ण काल्पनिक.

राणी गाते तो कुठला राग?

हा प्रश्न तीनही बैठकांत आला, आणि दर वेळी कोणीतरी पेटीवर सूर शोधायला गेलं. कुठलाच राग नाही. कोमल आणि शुद्ध असे दोन्ही स्वर पाठोपाठ घेत, पायरी न सोडता घसरत खाली येणारी ती धून आहे. पाश्चात्त्य संगीतात हिला क्रोमॅटिक चाल म्हणतात. पीटर्सबर्गमध्ये बसून कल्पिलेली पूर्व अशी वाजते. तिला अस्सल समजू नका, पण म्हणून नाकही मुरडू नका. दुसऱ्या अंकात तंबूतून बाहेर येताना राणी उगवत्या सूर्याला विचारते की तू माझ्या देशावरून आलास ना, तिथे अजून गुलाब फुलतात का. हेच ते 'सूर्यस्तोत्र'. व्हायोलिनवादक क्राइस्लरने त्याची व्हायोलिनसाठी केलेली मांडणी इतकी वाजली की पुष्कळांना मूळ ऑपेरा माहीतच नसतो.

इथे एक गोष्ट कानात ठेवा, शेवटी लागेल. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी आयुष्यभर एक नियम पाळला. माणसांना द्यायचं सरळ, लोकगीतासारखं, गुणगुणता येईल असं संगीत. जादूच्या, अमानवी पात्रांना द्यायचे विचित्र स्वरसमूह. पूर्ण आणि अर्धा असे आलटून पालटून स्वरांतर घेणारी एक सप्तकरचना तर रशियात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इथेही तेच. दोदोन आणि त्याचे दरबारी ठोकळेबाज, ओळखीच्या चालींत गातात. राणी, ज्योतिषी आणि कोंबडा यांचं संगीत वेगळ्याच जगातलं.

राजा राणीपुढे गातो ते गाणं एवढं पोरकट का?

मुद्दाम. त्याची चाल 'चिझिक-पिझिक' या बालगीताची आहे: 'चिमण्या, कुठे होतास? फोंतांकाच्या काठी व्होडका पीत होतो.' रशियातलं पोर न् पोर ते ओळखतं. आपल्याकडच्या एखाद्या छत्रपतीने राणीला रिझवायला 'ये रे ये रे पावसा'च्या चालीवर 'जन्मभर करीन प्रेम, विसरणार नाही नेम' म्हणावं, तसं हे आहे. रशियन प्रेक्षक हसतात ते शब्दांच्या आधी, पहिल्या चार सुरांना. सबटायटल्समध्ये हे कधीच लिहिलेलं नसतं.

ज्योतिष्याचं काम बाई करते का?

नाही, पुरुषच. पहिल्यांदा ऐकताना मीही फसलो होतो. सबटायटल्स नसलेली एक जुनी प्रत होती आणि अर्धा अंक मी ती म्हातारी चेटकीण समजून बघितला. भूमिकेसाठी टेनर-आल्तिनो नावाचा दुर्मिळ आवाज लागतो, नेहमीच्या टेनरच्या, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या, हद्दीच्याही वर सहज वावरणारा. संगीतकाराने छापील संगीताच्या प्रस्तावनेतच तशी अट घातली आहे. पुश्किनच्या कथेत ज्योतिषी नपुंसक आहे, त्याचं हे सांगीतिक रूप. म्हणूनच राणीची मागणी करतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्याला ती कशासाठी हवी आहे? ऑपेरा सांगत नाही.

आणि कोंबडा?

कोंबडा गाते सोप्रानो, म्हणजे बाई. 'किरि-कि, किरि-कु-कु!' आपला 'कुकूच कू' फार लांब नाही. तिला पूर्ण ऑपेरात मोजून काही ओळी असतात आणि लोक घरी जाताना त्याच म्हणत जातात.

सुरुवातीलाच लक्ष द्यावं असं काही?

अगदी पहिला सूर. तोंडाला बूच लावलेली एकटी ट्रम्पेट कोंबड्याची आरोळी देते, आवाज दाबलेला आणि जरा कर्कश. सभागृहात अजून खोकणं चाललेलं असतं. त्यामागून राणीची ती घसरणारी धून येते, आणि मग ज्योतिष्याचे किणकिणते सूर, लहान घंटांसारख्या धातूच्या पट्ट्यांवर. दोन-तीन मिनिटांत तीन पात्रं भेटून जातात. दोदोन या ओळखपरेडमध्ये नाही. ही चूक नाही.

रशियन बॅले-निर्माता डियागिलेव्ह याने याचा बॅले केला ना?

१९१४ मध्ये, पॅरिसच्या ऑपेरा गार्निएमध्ये. कल्पना अलेक्झांडर बेन्वा यांची: गायक दोन्ही बाजूंना ओळीत बसून गातील आणि मधे नर्तक अभिनय करतील. नृत्यरचना फोकीन, संगीतसंचालन मोंतो, राणी तमारा कार्साविना, आणि नेपथ्य नतालिया गोंचारोवांचं, लाल-पिवळ्या रंगांचा नुसता स्फोट. पॅरिस वेडं झालं. संगीतकाराच्या पत्नी नादेझ्दा मात्र संतापल्या आणि कुटुंबाने कायदेशीर हरकत घेतली. रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी प्रस्तावनेत लिहून ठेवलं होतं की दुसऱ्या अंकातला नाच गायकांनी श्वास न तुटेल अशा बेताने करावा. म्हणजे नाचायचं गायकांनीच, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. माझं मत बाईंच्या बाजूने आहे. हडकुळा नर्तक लचकतोय आणि कोपऱ्यातला खर्जातला जाडा गायक गातोय, यात गंमत निम्मी होते. धापा टाकणारा दोदोन स्वतःच गात असायला हवा. तरीही ही पद्धत पसरली. १९१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने हा ऑपेरा पहिल्यांदा केला तोही अशाच दुहेरी संचात, फ्रेंचमध्ये.

शेवटी ज्योतिषी काय म्हणतो? ते कळलं नाही.

तो मेलेला माणूस पडद्यापुढे येऊन म्हणतो, शेवट रक्ताळलेला असला तरी घाबरू नका. इथे जिवंत माणसं दोनच होती, मी आणि राणी. बाकी सगळे म्हणजे भ्रम, स्वप्न, फिकट सावली, पोकळी.

सेन्सॉरसाठी काढलेली ही पळवाट आहे, असं पुष्कळ जण म्हणतात: 'राजा खरा नव्हताच हो, मग राग कशाला?' तसं असेलही. पण मघाशी कानात ठेवायला सांगितलं होतं ते आता काढा. चाळीस वर्षं ज्या संगीतकाराने सरळ चालींना माणूस आणि विचित्र स्वरांना भूत मानलं, तो शेवटच्या पानावर ते उलटं करतो. ज्यांच्या चाली ओळखीच्या, लोकगीतासारख्या, बालगीतासारख्या होत्या, तो राजा, ते दरबारी, ती 'राजाशिवाय कसं होणार' म्हणून रडणारी प्रजा, ते सगळे पोकळ. आणि जे परके वाटत होते तेच खरे. मला या ऑपेरातला खरा डंख राजाच्या टाळूवर बसलेला वाटत नाही. तो प्रजेच्या कोरसमध्ये आहे. मूर्ख राजा मेलाय, आणि त्या रडण्याचं संगीत खरोखर सुंदर, खरोखर दुःखी आहे. टिंगल कुठेच नाही. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात, त्या या कोरसला दर वेळी डोळे पुसतात आणि मग ज्योतिषी 'पोकळी' म्हणतो तेव्हा त्याच्यावर चिडतात. बाईंच्या चिडण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

रशियन येत नाही. चालेल?

चालेल. कथा आधी वाचा, सबटायटल्स लावा.

मुलांना दाखवावा का?

दहा-बारा वर्षांपुढे बिनधास्त, पहिला अंक तर त्याहून लहानांनाही. दुसरा अंक लांब आहे आणि राजाला भुलवण्याचाच आहे, तिथे मुलं कंटाळतात. अगदी लहानांसाठी पुश्किनच्या कथेवरचा १९६७ चा सोयुझमुल्तफिल्म या सोव्हिएत स्टुडिओचा अॅनिमेशनपट बरा. सोव्हिएत काळात मराठीत आलेली रशियन परीकथांची चकचकीत पुस्तकं घरात वाचून मोठं झालेल्या आईबाबांना त्यातली चित्रं लगेच ओळखीची वाटतील.

कुठला प्रयोग पाहावा?

तीन सांगतो. ब्रसेल्सच्या ला मोनेचा २०१६ चा, दिग्दर्शक लोराँ पेली: राजा नाइटसूटमध्ये आणि रंगमंचावर अवाढव्य पलंग. 'कुशीवर लोळत राज्य कर' याचा इतका शब्दशः अर्थ दुसऱ्या कोणी घेतलेला मी पाहिला नाही. पहिल्यांदा बघणाऱ्यांना मी हाच लावतो. दुसरा पॅरिसच्या शातले थिएटरचा, २००२ मध्ये चित्रित झालेला, काबुकी या जपानी पारंपरिक रंगभूमीवरचे नट एन्नोसुके इचिकावा यांच्या दिग्दर्शनातला. वेशभूषा डोळे दिपवणारी, आणि जपानकडून झालेल्या पराभवातून उगवलेला ऑपेरा जपानी वेशात बघणं हा वेगळाच योग. तिसरा बॅरी कोस्कीचा, २०२१ मध्ये फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस आणि लियाँ या शहरांत झालेला. राजा मळकट अंतर्वस्त्रांत, उजाड माळ, हसू कमी आणि भीती जास्त. तो दुसऱ्यांदा बघताना लावा.

नुसतं ऐकायचं असेल तर बोल्शोयचं स्वेतलानोव्ह यांनी संचालन केलेलं १९८८ चं रेकॉर्डिंग. आणि तेवढाही वेळ नसेल तर चार भागांची वाद्यवृंदाची मालिका आहे, संगीतकाराच्या मृत्यूनंतर ग्लाझुनोव्ह आणि जावई श्टाइनबर्ग यांनी जुळवलेली.

एकूण किती वेळ लागतो?

संगीत दोन तासांच्या आसपास. मध्यंतरं आणि आमच्याकडचे वाद धरून चार.